'अ‍ॅक्टिव्हेटेड' गांजा : सक्रिय, शोधित की तापीव?

प्रश्न : भाषांतरासाठी प्रयोगशाळेचा एक अहवाल आलाय. गांजाच्या फुलोऱ्यातली द्रव्यं त्यात 'रॉ' आणि 'अ‍ॅक्टिव्हेटेड' अशा दोन रकान्यांत दिली आहेत. मी 'निष्क्रिय' आणि 'सक्रिय' लिहिलं, तर संपादकांनी 'अशोधित' आणि 'शोधित' सुचवलं. कोणतं घ्यावं?

उत्तर : माझ्या मते दोन्ही जोड्या नकोत. आधी नेमकं घडतं काय ते बघा, शब्द त्यातूनच सापडेल.

ताज्या फुलोऱ्यात नशा आणणारं टीएचसी अगदी थोडं असतं. बहुतेक असतं ते टीएचसीए, म्हणजे त्याचं आम्लरूप. शेवटचा 'ए' अ‍ॅसिडचा. ते तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. चिलमीत हे क्षणात होतं. उकळत्या पाण्यात मात्र हळू होतं, कारण पाण्याचा पारा १०० अंशांच्या फारसा वर चढत नाही.

सोनाराकडचा 'घट' हा शब्द इथे चपखल बसतो. टीएचसीएचा रेणुभार सुमारे ३५८, टीएचसीचा ३१४. मधले ४४ म्हणजेच निघून गेलेला कार्बन डायऑक्साइड. म्हणून १०० मिलिग्रॅम आम्लरूप पूर्ण बदललं तरी हाती फार तर ८७.७ मिलिग्रॅम टीएचसी येतं. तुमच्या अहवालात ०.८७७ हा गुणक कुठे दिसला, तर तो हाच. तिथे खुशाल 'घट धरून' असं लिहा.

आता 'शोधित'. आयुर्वेदात भांगेचं शोधन करतात ते असं : पानं पाण्यात पुन्हापुन्हा धुवायची, हिरवं पाणी यायचं थांबलं की वाळवायची आणि मग गाईच्या तुपात परतायची. परतण्यात उष्णता आली, त्यामुळे संपादकांना तो शब्द जवळचा वाटला असावा. पण शोधन म्हणजे दोष काढणं. अहवालातल्या रकान्याचा दोषाशी संबंधच नाही.

'निष्क्रिय'ची मला खरी काळजी वाटते. वाचणारा त्याचा अर्थ 'निरुपद्रवी' असा घेतो आणि पुढे 'म्हणजे कायदेशीर' इथपर्यंत जातो. आपल्या १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्यावरून केली आहे, तो तापवला की नाही यावरून नव्हे. अमेरिकेत २०१८च्या शेती कायद्याने मर्यादा घातली ती डेल्टा-९ टीएचसीवर, म्हणजे नशा आणणाऱ्या त्याच टीएचसीवर, ०.३ टक्क्यांची. आम्लरूपाचं नाव त्यात नव्हतं, आणि त्याच फटीतून तिथे टीएचसीएने भरलेला फुलोरा विकला गेला. काडी लावली की तो नेहमीचाच गांजा!

प्रतिप्रश्न : मग 'कच्चं' आणि 'पक्कं' कसं वाटतं?

उत्तर : 'कच्चं' चालेल. 'पक्कं' नको, कारण लगेच 'पक्व' आठवतं, आणि पक्व फुलोरा म्हणजे पूर्ण तयार झालेला फुलोरा. त्यातही आम्लरूपच भरलेलं असतं. दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होईल.

आपल्याकडे याहून नेमकी जोडी आहे. आमच्या स्वयंपाकघरात दुधाची दोन पातेली शेजारी शेजारी असायची. एकात देवाच्या अभिषेकासाठी बाजूला ठेवलेलं निरसं दूध, दुसऱ्यात साय धरलेलं तापीव. 'निरसं' म्हणजे ज्याला अजून आच लागलेली नाही ते. कोरीव, घोटीव, आटीव यांच्यासारखाच 'तापीव'. काय केलंय ते सांगतो, परिणामाबद्दल काही सुचवत नाही. 'निरसं' आज दुधापुरतं उरलंय हे खरं. एका तळटिपेने ते पुन्हा रुजेल असं मला वाटतं.

प्रतिप्रश्न : गांजातल्याच सीबीडी या दुसऱ्या द्रव्यालाही हेच शब्द लागू होतील?

उत्तर : हो, आणि 'सक्रिय' का नको ते तिथे जास्त स्पष्ट दिसतं. सीबीडीए तापलं की सीबीडी होतं, पण सीबीडीने टीएचसीसारखी नशा येत नाही. 'सक्रिय सीबीडी' वाचणाऱ्याला मात्र ती येईल असंच वाटणार.

अहवालात तिसरा रकाना सीबीएनचा असेल, तर तोही सांभाळा. टीएचसी हवा-उजेडात पडून राहिलं की हळूहळू सीबीएन होतं. त्याला 'तापीव' म्हणू नका. ते उष्णतेने कमी आणि काळाने जास्त झालेलं असतं. त्या रकान्यावर मी 'जुनावलेलं' लिहीन.