वाईनवरचं साल आणि भुसावळचा मे: बाटली किती वर्षं टिकते?

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. घरी चार बाटल्या आहेत. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या दोन लाल, एक २०१३ ची आणि एक २०१६ ची, दोन्हींना कॉर्क. शिवाय नाशिकची २०२२ ची शिराझ (लाल) आणि २०२३ ची सॉव्हिन्यों ब्लाँ (पांढरी), दोन्हींना फिरकीचं झाकण. दोन उन्हाळे हॉलमधल्या लाकडी कपाटात आडव्या पडून आहेत. दुपारी तिथं कूलर चालतो. २०१६ च्या बाटलीचा कॉर्क दोन-तीन मिलिमीटर वर आलाय आणि कडेनं चिकट ओघळ दिसतो. जितकी जुनी तितकी चांगली, हे खरं का? चांगलं साल कसं ओळखतात? आणि यातली कुठली ठेवू, कुठली उघडू?

गोडीछाटणी (साक्री)
लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं साल, बाटली भरल्याचं नव्हे. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नाशिक पट्ट्यात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) ऑक्टोबरच्या आगेमागे आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे तुमच्या २०२२ च्या शिराझचा हंगाम २०२१ च्या पावसाळ्याअखेर सुरू झाला. नाशिकचं साल जोखायचं तर आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी बघायचा, कारण फुलोऱ्यात पाऊस लागला की डाऊनी (केवडा रोग) आणि घडकूज. मग फेब्रुवारी-मार्चची गारपीट. साखर २२ ते २४ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) पोचेपर्यंत रात्री गार राहिल्या तर आम्ल टिकतं. रात्री तापल्या की मॅलिक आम्ल (द्राक्षातलं एक आम्ल) झपाट्यानं घटतं आणि पीएच चढतो, म्हणजे आम्लता उतरते.

हा पीएच टिकाऊपणाचा कणा आहे. वाईन टिकवणारा मुक्त सल्फर डायऑक्साइड पीएच ३.५ ला सुमारे ४० पीपीएम (दहा लाखात ४० भाग) असला की जे काम करतो, त्याच कामाला ३.८ ला जवळपास दुप्पट लागतो. म्हणून गरम हंगामाची, मऊ लागणारी वाईन पहिल्या दोन वर्षांत छान वाटते आणि नंतर पटकन बसते.

जुनी तितकी चांगली, हे बहुतेक बाटल्यांबाबत खोटं आहे. बोर्दोत २०१३ चा वसंत थंड आणि ओला गेला, फुलोरा गळला, तोडणीच्या तोंडावर कूज आली. वाईन हलक्या झाल्या, त्या लवकर प्यायच्याच होत्या. २०१६ ला वसंत ओला, पण पुढचा उन्हाळा कोरडा आणि शेवटी रात्री गार. टॅनिनही (तुरटपणा देणारा घटक) भरपूर, आम्लही शाबूत. नामांकित शातोची (वाईनच्या मळ्याची) २०१६ वीस वर्षं सहज जाते. पण साधी बोर्दो चांगल्या सालातही पाच ते आठ वर्षांचीच. आधी बाटलीचा दर्जा बघा, मग साल. खरोखर दशकं टिकतात त्या व्हिंटेज पोर्ट (गोड, जादा अल्कोहोलची), सोटर्न (गोड पांढरी), चांगली रीसलिंग (आम्लदार पांढरी): साखर, आम्ल किंवा अल्कोहोल यातलं काहीतरी भक्कम असलेल्या.

रावेरचा घड
वरचे टिकण्याच्या वर्षांचे आकडे गार तळघर धरून आहेत, १२ ते १४ अंश. बोर्दोचं वर्षाचं सरासरी तापमानच १३-१४ आहे, म्हणून तिथलं तळघर आपोआप गार राहतं. आपल्याकडे वर्षाची सरासरी २७ च्या आसपास. त्यामुळे धाब्याच्या घराच्या जाड भिंती किंवा तळघर दिवस-रात्रीचा चढउतार मोडतात, पण सरासरीच्या खाली नेत नाहीत. मे महिन्यात कूलरच्या खोलीतही ३० च्या आसपासच.

दहा अंश वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. मग काहींना वाटतं, बरंच झालं, लवकर मुरेल. तसं होत नाही, कारण सगळ्या क्रिया सारख्या वेगानं वाढत नाहीत. आपल्या केळीचं बघा ना: पिकवण्याच्या खोलीत १६ ते १८ अंशाला घड नीट पिवळा होतो, उन्हाळ्यात बाहेर पिकवला तर साल हिरवट राहते आणि गर मऊ पडतो. वाईनचंही तेच. मुरण्याऐवजी शिजते.

कॉर्क वर येण्याचं कारण साधं आहे. ७५० मिली वाईन १५ वरून ४० अंशाला गेली की सहा मिलीच्या आसपास फुगते. बाटलीच्या गळ्यात ही वाढ दोन सेंटिमीटरहून जास्त उंचीची भरते, आणि कॉर्कखाली मुळात मोकळी जागा असते दीड सेंटिमीटरच्या आगेमागे. अडकलेली हवा दबते, कॉर्क सरकतो, थोडी वाईन बाहेर येते. रात्री गार होताना तीच बाटली बाहेरची हवा आत ओढते. खरं नुकसान इथं होतं.

उपाय म्हणून वाईन कॅबिनेट घेणार असाल तर कॉम्प्रेसरचंच घ्या. बिनकॉम्प्रेसरचं, म्हणजे पेल्टिअरचं, खोलीपेक्षा फार तर १५ ते २० अंशच खाली नेतं. खोली ४३ ला गेली तर ते तेविसच्या खाली उतरणार नाही. मागे दहा सेंटिमीटर जागा सोडा, वीज गेली की दार उघडू नका. चार बाटल्यांसाठी फ्रिजचा भाजीचा कप्पा पुरेसा आहे. कॉर्कवाल्या कागदात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, हवा कोरडी असते. वर्षभर तरी हे कपाटापेक्षा कितीतरी बरं.

तापीकाठ (भुसावळ)
मनापासून आभार. मग २०१६ ची फेकू का?

गोडीछाटणी (साक्री)
न उघडता फेकू नका. एक दिवस उभी ठेवा, गाळ खाली बसू द्या. मग पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कड विटकरी असेल तर वयानुसार ठीक, पण मध्यापर्यंत तपकिरी असेल तर हवा लागलीय. वासात काकवी किंवा उकडलेल्या मनुका आल्या तर शिजली. नेलपॉलिशसारखा किंवा व्हिनेगरचा वास आला तर खाटी झाली. बुडाशी काचेसारखे स्फटिक दिसले तर घाबरू नका, ते टार्टरेट आहे, द्राक्षातल्याच आम्लाचा क्षार, निरुपद्रवी.

क्रम असा: आधी २०१६, मग सॉव्हिन्यों ब्लाँ (८ ते १० अंशाला, तिचा ताजेपणाच तिची किंमत), मग २०१३. शिराझ शेवटी. ती उघडल्यावर अर्धी झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चाखा. फळाचा वास टिकून असेल तर तशा बाटल्या आणखी वर्षभर ठेवायला हरकत नाही. सपाट लागली तर त्या सालाच्या उरलेल्या आत्ताच संपवा. आणि लाल वाईन तिखट शेवभाजीबरोबर नको, मिरचीमुळे टॅनिन आणखी तुरट लागतं आणि वाईनचा अंदाज चुकतो.