गंडिकोटा: आईचे गुडघे आणि भाकरीचा प्रश्न, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरअखेरीस आंध्रातल्या गंडिकोट्याला जायचं घाटतंय. आम्ही सोलापूरचे. मी, बायको, नववीतली मुलगी आणि आई. पेन्ना नदीने एर्रमला डोंगर कापून केलेल्या त्या लालसर घळीचा फोटो मुलीने पाहिला आणि हट्टच धरला. जो तो 'भारताची ग्रँड कॅनियन' लिहितो, ते मला काही रुचत नाही. तेलुगूत गंडी म्हणजे घळ, कोटा म्हणजे किल्ला. नाव चांगलं आहे की!

अडचण आईची. वय 71, गुडघे कुरकुरतात. त्यात तिचं म्हणणं, "तिकडं नुसता भात आणि जाळ तिखट. मला भाकरी लागते, तुम्ही जाऊन या." तिला घरी ठेवून जायचं मनात नाही.

१) सोलापूर-गुंतकल मार्गे रेल्वेने गेलो तर मुद्दनूरला उतरावं की पुढे येर्रगुंटलाला?
२) घळीच्या काठापर्यंत आईला नेता येईल का?
३) ती शाकाहारी आहे. खाण्याचं काय?
४) तिथूनच बेलम गुहा करावी का?

प्रतिसाद:

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, म्हणून सांगतो. मुद्दनूर जवळ पडतं, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत. तुमची गाडी थांबते का ते आधी बघा, नाहीतर येर्रगुंटला. जेवणाखाण्याचं, औषधांचं मोठं गाव म्हणजे जम्मलमडुगु, किल्ल्यापासून साधारण 15 किमी.

किल्ल्याच्या आत अजून वस्ती आहे, त्यामुळे रस्ता आतपर्यंत जातो. माधवराय मंदिराचं गोपुर, जामा मशीद, शेजारचं धान्यकोठार, एवढं आई सावकाश बघतील. मशिदीच्या पलीकडे मात्र मोठमोठ्या शिळांवरून चढउतार आहे आणि काठाला बहुतेक ठिकाणी कठडा नाही. तिथे त्यांना नेऊ नका. मुलीचाही हात सोडू नका, सेल्फीच्या नादात लोक पार कडेला जातात. सासरे मशिदीच्या सावलीत बसले आणि आम्ही आळीपाळीने काठावर जाऊन आलो. पहाटे उन्हं चढायच्या आत जा, दगड तापला की उभं राहवत नाही.

आता भाकरी. आईंना सांगा, रायलसीमेत, म्हणजे आंध्राच्या या भागात, ज्वारीची भाकरी आहे! जोन्न रोट्टे म्हणतात. सोबत गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडीच, आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळी उग्गानी मागा: भिजवलेले चुरमुरे, कांदा, हळद, वरून डाळ्याची पूड. थोडक्यात आपला सुशीलाच, फक्त सोबत मिरचीची भजी. रागी संगटी (भात आणि नाचणीचा गोळा) दाताला त्रास न होणारी, पण ती बऱ्याचदा कोंबडीच्या रश्श्याबरोबर वाढतात, तेव्हा 'पप्पू' म्हणजे वरण हवं असं आधीच सांगा. तिखटाबद्दल आईंचं खरं आहे. दही मागून ठेवा.

बेलम गुहा 3,229 मीटर लांब, त्यातला साधारण निम्मा भाग बघायला खुला आहे. पायऱ्या आहेत आणि आत घामाच्या धारा लागतात. त्या गुडघ्यांना नको. त्यापेक्षा वाटेत ताडपत्री गावाला विजयनगर काळातली दोन मंदिरं आहेत, कोरीवकाम बघत राहावं असं.

धागाकर्ता:

मनापासून आभार! आईला प्रतिसाद वाचून दाखवला. अंबाडीला गोंगुरा म्हणतात हे ऐकून तिने विचारलं, "लसणाची फोडणी देतात का?" म्हणजे येतेय बहुतेक. तिकिटं बघतो. ताडपत्रीला उतरून मंदिरं बघायची आणि तिथूनच गाडी ठरवून पुढे जायचं, हे एका दिवसात जमेल का? कुणी केलंय?