मदत हवी आहे: लिनक्सवरची इमेज लायब्ररी विंडोजवर नेताना क्रॅश

नमस्कार मंडळी,

मोडी कागदपत्रांचे स्कॅन साफ करणारी माझी सी भाषेतली छोटी लायब्ररी लिनक्सवर छान चालते. आत पीएनजी आणि जेपेग चित्रं वाचणाऱ्या लिबपीएनजी आणि लिबजेपेग या लायब्ररी आहेत. गावच्या वाचनालयातले संगणक विंडोजचे, म्हणून आता ती तिकडे नेतोय.

सुरुवातीला एकही पीएनजी उघडेना. फाइल बायनरीऐवजी टेक्स्ट मोडमध्ये उघडली जात होती, त्यामुळे 13 10 या बाइट्सचं (विंडोजची ओळ संपल्याची खूण) नुसतं 10 व्हायचं. पीएनजीच्या पहिल्या 8 बाइट्स (137 80 78 71 13 10 26 10) असाच घोळ पकडण्यासाठी ठेवल्यात, म्हणून लगेच सापडलं. 64 बिट विंडोजवर लाँग हा पूर्णांकाचा प्रकार 4 बाइट्सचाच असतो, तेही दुरुस्त केलं.

घोडं अडलंय ते जेपेगपाशी. डीएलएल (लायब्ररीची विंडोजवरची फाइल) मिनजीडब्ल्यू कंपायलरने बांधलीय, मुख्य प्रोग्राम व्हिज्युअल स्टुडिओच्या कंपायलरने. प्रोग्रामने उघडलेल्या फाइलचा पॉइंटर डीएलएलला दिला की पहिल्याच वाचनाला क्रॅश. दोघांची सी रनटाइम (फाइल उघडणं-वाचणं अशी मूलभूत कामं करणारी लायब्ररी) वेगळी असल्यामुळेच ना हे?

अख्खी फाइल मेमरीत घेऊन तो बफर द्यावा, की लिबजेपेगला थोडा थोडा डेटा पुरवणारा स्वतःचा सोर्स मॅनेजर लिहावा? स्कॅन मोठे आहेत आणि तिथल्या मशीनवर रॅम 4 जीबीच. कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा, फार मोलाची मदत होईल.