लायसन्सवरचा शिक्का: राज्य बदललं की नियम बदलतो

बरेचदा म्हटलं जातं की अमेरिकेत नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगाराच्या लायसन्सवर ‘सेक्स ऑफेंडर’ छापतातच. सरसकट तसं नाही, हा राज्यांचा विषय आहे.

टेक्ससमध्ये खरी अडचण शिक्क्याची नाही, मुदतीची आहे. अशा माणसाचं लायसन्स अर्जानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला संपतं. म्हणजे मार्चमध्ये अर्ज केला आणि वाढदिवस मे महिन्यात, तर हातात जेमतेम दोन महिने. पुढे दरवर्षी नूतनीकरण, तेही स्वतः जाऊन. टपालाने किंवा ऑनलाइन चालत नाही. बरेचजण इथेच अडकतात, कारण तारीख चुकली तर लायसन्स रद्द होतं.

फ्लोरिडात ‘प्रिडेटर’ (जास्त गंभीर गटातले लैंगिक गुन्हेगार) ठरलेल्यांच्या कार्डावर ‘सेक्शुअल प्रिडेटर’ असं सरळ छापतात, बाकीच्यांच्या कार्डावर फक्त कायद्याचं कलम ‘९४३.०४३५, एफ.एस.’ (एफ.एस. म्हणजे फ्लोरिडाचे कायदे). घर बदललं की ४८ तासांत लायसन्स कार्यालयात हजर व्हायचं.

लुइझियानात कार्डावर नारिंगी अक्षरांत ‘सेक्स ऑफेंडर’ छापायचे, ती अक्षरं मात्र टिकली नाहीत. एकाने ती खोडून वर पारदर्शक टेप लावली, खटला उभा राहिला आणि २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्तीच घटनाबाह्य ठरवली: पोलिसांना कळावं एवढाच हेतू असेल तर छोटं चिन्हही पुरतं. अलाबामाच्या कार्डावरची तशीच लाल अक्षरं त्याआधीच, २०१९ मध्ये, संघीय न्यायालयात पडली होती.

अशा गुन्हेगारांच्या पासपोर्टवरही नोंद असते, पण ती वेगळी. ती संघीय कायद्याची, आणि फक्त अल्पवयीनांवरच्या गुन्ह्यांसाठी.