मदत हवी आहे : टिनाच्या गॅरेजमध्ये शेतीचे सामान आणि गाडी यांची मांडणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी घराला लागून 14 फूट रुंद व 18 फूट लांब असे टिनपत्र्याचे गॅरेज आहे. त्यात चारचाकीखेरीज डवरे, ताडपत्र्या, युरियाची पोती, फवारणी पंप, कीटकनाशके आणि पुढच्या खरिपासाठी राखलेले घरचे सोयाबीन बियाणे असे सर्वच साठले आहे. खरी अडचण स्प्रिंकलरच्या पाईपांची आहे. प्रत्येक पाईप 20 फुटांचा असल्यामुळे ते तिरपे टाकले तरच आत मावतात आणि मग गाडी अंगणात उभी करावी लागते.

भिंतींलगत लोखंडी अँगलचे रॅक करून मधली जागा मोकळी ठेवावी, असा विचार आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा पत्र्याखालची हवा भट्टीसारखी तापते आणि सोयाबीनचे टरफल पातळ असल्याने उगवणशक्ती घटते, म्हणून बियाणे मी घरातच, लाकडी फळ्यांवर ठेवणार आहे. युरिया ओल धरतो, त्यामुळे त्यालाही खाली फळ्या हव्यातच.

2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. घरात लहान मुले आहेत, त्यामुळे औषधे कुलपातच राहतील, यात तडजोड नाही. मात्र ते कपाट या उष्णतेत कोणत्या भिंतीला आणि किती उंचीवर लावावे? तसेच पाईप बाहेरच्या भिंतीवर, छपराच्या वळचणीखाली ब्रॅकेटवर टांगले, तर उन्हाने ते लवकर ठिसूळ होतील का? ज्यांनी अशी सोय केली आहे त्यांनी ब्रॅकेटमधील अंतरही कृपया कळवावे.