प्रतिसाद: हॅमर टो आणि मधुमेह

हॅमर टो म्हणजे मधल्या सांध्यात वाकून हातोडीसारखे दिसणारे पायाचे बोट. त्यावरच्या या चर्चेत 'बोट वाकडे झाले की शस्त्रक्रियेशिवाय पर्याय नाही' असे कुणीतरी म्हटले आहे, ते सरसकट खरे नाही. मधला वाकलेला सांधा हाताने हलकेच सरळ करता येतो की तो ताठरला आहे, यावर पुढचे बरेचसे ठरते; सरळ होत असेल तर पुढून रुंद व उंच बूट, टेपिंग (चिकटपट्टीने बोट सरळ धरून ठेवणे) आणि बोटावर घालायची सिलिकॉनची टोपी यांनी पुष्कळ आराम पडतो. ताठरलेल्या सांध्यातही आधी हेच करून पाहतात, मात्र त्याने वेदना कमी होते, बोट सरळ होत नाही.

चर्चेत मधुमेहाचा उल्लेख राहिला आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. माझ्या आईच्या अशाच बोटावर चपलेचा पट्टा घासून कुरूप (घासून कडक झालेल्या त्वचेची गाठ) झाले, तेव्हा तिने औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टी लावली. तिच्यातल्या सॅलिसिलिक आम्लाने भोवतालची चांगली त्वचाही पांढरी पडून सोलली गेली, पण मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असल्याने मोज्यावर ओला डाग दिसेपर्यंत तिला जखम कळलीच नाही. मधुमेहींनी अशी पट्टी किंवा ब्लेड कृपया वापरू नये, कुरूप डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे.