मदत हवी आहे: बेसबॉलच्या मायनर लीगमधला होतकरू फलंदाज ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी! न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचे सामने मी आवडीने बघते. मेजर लीगमधल्या न्यू यॉर्क यांकीजचा हा डबल-ए संघ, म्हणजे मुख्य संघाच्या दोन पायऱ्या खालचा, त्यामुळे उद्याचे खेळाडू अगदी जवळून दिसतात. पण यातला कोण पुढे जाईल, हे ठरवताना गोंधळ उडतो.

स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, २० ते ८० च्या मापात गुण देतात आणि ५० म्हणजे मेजर लीगमधली सरासरी, एवढं कळलं. वय बघायचं, हेही पटलं. याच पातळीवर २० वर्षांचा पोरगा .२६० ची सरासरी (शंभर संधींत २६ यशस्वी फटके) राखत असेल, तर २५ वर्षांच्या .३०० वाल्यापेक्षा मला तोच मोलाचा वाटतो.

अडतं ते स्ट्राइकआउटपाशी, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होण्यापाशी. एक डावखुरा पोरगा चेंडू असा हाणतो की नुसत्या आवाजावरून कळतं. पण डावखुऱ्या पिचरचा (गोलंदाजाचा) बाहेर जाणारा स्लायडर, म्हणजे शेवटी वळणारा चेंडू, आला की हमखास बॅट फिरवतो आणि चुकतो. ही सवय पुढे सुटते का? वॉक (चार चेंडू स्ट्राइकच्या कक्षेबाहेर सोडून फुकट मिळणारा बेस) वाढले तर ते सुधारणेचं लक्षण धरावं का? शिवाय ट्रिपल-एत, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर, रीनो, आल्बुकर्कीसारख्या उंचावरच्या मैदानांत चेंडू लांब जातो, मग तिथले होमरन कितपत धरायचे?

जाणकारांनी सविस्तर सांगावं, विशेषतः स्टँडमध्ये बसून तुम्ही नेमकं काय टिपता ते.